जालना खटला आणि लहान लिनक्स-जाळ्याचा कारभार

१

दप्तरातील एखादा कागद हाती आला म्हणजे तो अस्सल आहे की नक्कल, तो कोणी लिहिला, कोणाच्या ताब्यात राहिला आणि मधल्या काळात त्यास कोणाचा हात लागला काय, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास प्रथम विचारावे लागतात. गेल्या तीन-चार दशकांत शासकीय व न्यायालयीन व्यवहारातील कागदाची जागा उत्तरोत्तर संगणकातील नोंदीने घेतली आहे. नोंदीचे माध्यम बदलले तरी वरील प्रश्न बदललेले नाहीत. मात्र त्यांचे उत्तर देणारा मनुष्य बदलला आहे. पूर्वी ते उत्तर दप्तरदार किंवा अभिलेखपाल देत असे. आज ते संगणकांच्या जाळ्याचा कारभार पाहणाऱ्या कर्मचाऱ्यास द्यावे लागते.

प्रस्तुत लेखाचे प्रयोजन मर्यादित आहे. लिनक्स ह्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या लहान संगणक-जाळ्याचा कारभार व बंदोबस्त कसा होतो, हे अभिलेखविद्येच्या दृष्टीने येथे तपासावयाचे आहे. आणि त्याकरिता जालना जिल्ह्यात उद्भवलेल्या एका खटल्याचा आधार घ्यावयाचा आहे. आमचे प्रतिपाद्य असे की, एखादे लहान जाळे सुरक्षित आहे असे म्हणण्याचा अर्थ त्याच्या नोंदींबद्दल एखादा जबाबदार मनुष्य खरेपणाने सही करू शकतो, हा होय. अशी सही शक्य करणारी साधने लिनक्समध्ये विपुल आहेत. परंतु सही करणारा मनुष्य कोणतीही कार्यप्रणाली पुरवीत नाही. तो कचेरीलाच निर्माण करावा लागतो.

२

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून त्याची रचना झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेस बसू लागले. ज्या खटल्याचा येथे विचार करावयाचा तो प्रथम ह्याच खंडपीठापुढे चालला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल’ ह्या नावाने प्रसिद्धीस आला.

खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल २९६ मतांच्या फरकाने लागला. विजयी उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले असून ते स्वीकारणे नियमास धरून नव्हते, असा आक्षेप घेणारे अर्ज उच्च न्यायालयात दाखल झाले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत २६ व २७ सप्टेंबर रोजी कॅमेऱ्यांनी चित्रण झाले होते. त्या चित्रणाच्या चकत्या न्यायालयासमोर आल्या. तेव्हा प्रश्न उपस्थित झाला तो असा, की चकतीवरील ही प्रत पुरावा म्हणून वाचता येईल काय?

येथे एका तारखेकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. त्या चित्रणापूर्वी अवघे आठ-नऊ दिवस, म्हणजे १८ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘अन्वर विरुद्ध बशीर’ ह्या खटल्यात असा निर्णय दिला होता की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणावयाची तर पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र सोबत असलेच पाहिजे. जालन्याच्या प्रकरणात हे प्रमाणपत्र अर्जदारांस मिळाले नाही. त्यांनी ते पुनःपुन्हा मागितले, उच्च न्यायालयानेही संबंधित अधिकाऱ्यांस आदेश दिले. तथापि प्रमाणपत्र आले नाही, असे निकालपत्रात नमूद आहे. अखेरीस उच्च न्यायालयाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची तोंडी साक्ष पुरेशी मानली आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्दबातल ठरविली.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी अंतिम निर्णय दिला. त्यात तीन गोष्टी ठरल्या. पहिली : प्रत सादर करावयाची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. २०१८ साली ‘शफी मोहम्मद’ खटल्यात दोन न्यायाधीशांनी दिलेली सवलत अशा रीतीने रद्द झाली. दुसरी : ज्याने प्रमाणपत्र मिळविण्याचे सर्व यत्न केले, परंतु ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने ते दिले नाही, त्यास कायदा अशक्य गोष्ट करावयास लावीत नाही. ह्या मुद्द्यावर जालन्याच्या अर्जदारांच्या बाजूचा निकाल कायम राहिला. तिसरी गोष्ट आमच्या विषयास सर्वांत जवळची आहे. यंत्राचा मालक स्वतःचा संगणक घेऊन साक्षीस उभा राहिला तर मूळ नोंदच न्यायालयापुढे येते व प्रमाणपत्राची जरूर उरत नाही. परंतु तो संगणक एखाद्या जाळ्याचा भाग असेल, आणि सबंध जाळे उचलून न्यायालयात आणणे अशक्य असेल, तर प्रमाणपत्राखेरीज अन्य मार्ग नाही.

निकाल लागला तेव्हा त्या विधानसभेची मुदत संपून गेली होती. त्यामुळे राजकीय दृष्ट्या त्याचे फळ अल्प होते. परंतु कचेरीच्या इतिहासाच्या दृष्टीने तो एक महत्त्वाचा टप्पा होय. एका जिल्ह्याच्या ठिकाणी कॅमेऱ्याच्या चकतीवरून निघालेल्या वादातून, जाळ्याचा कारभार पाहणारा अनामिक कर्मचारी कायद्याच्या दृष्टीने साक्षीदाराच्या जागी आला.

३

कलम ६५-ब हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्या कायद्याने पुरावा अधिनियमात घातले गेले आणि १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आले. त्याचा साचा इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातील पाचव्या कलमाचा आहे. म्हणजे एका मोठ्या दालनात एकच अवजड संगणक असावयाचा, त्या काळची ही कल्पना. इंग्लंडने स्वतः हे कलम १९९५ साली काढून टाकले. भारताने ते पाच वर्षांनी स्वीकारले. ह्या विसंगतीची नोंद जालना खटल्याच्या निकालपत्रातही झालेली आहे.

तथापि त्या कलमातील चार अटी वाचताना असे दिसून येते की, त्या कोणत्याही चांगल्या दप्तराच्या अटी आहेत. संगणक नियमितपणे वापरात असावा व त्यावर कायदेशीर ताबा असणाऱ्या व्यक्तीचे नियंत्रण असावे. त्यात त्या प्रकारची माहिती नेहमीच्या कामकाजात भरली जात असावी. त्या काळात यंत्र नीट चालत असावे. आणि काही बिघाड झाला असल्यास त्याचा परिणाम नोंदीच्या अचूकतेवर झालेला नसावा. पुराव्यात आणलेली प्रत मूळ भरलेल्या माहितीवरूनच निघालेली असावी. शिवाय अनेक संगणकांनी एकत्र किंवा एकामागून एक ते काम केले असल्यास ते सर्व मिळून एकच संगणक समजावेत, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे जाळ्याची, आणि जुने यंत्र जाऊन नवे आल्याची, तरतूद त्यातच आहे.

प्रमाणपत्रावर सही करणाऱ्यास ह्या चारही गोष्टी आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खऱ्या आहेत असे सांगावे लागते. प्रश्न असा, की एखाद्या कचेरीतील दहा-वीस संगणकांच्या जाळ्याविषयी हे कोणास, कशाच्या बळावर सांगता येईल?

४

लिनक्सचे कर्नल लिनस टोर्वाल्ड्स ह्या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केले. त्याची घडण मात्र १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या परंपरेतील आहे. युनिक्स हे एकाच यंत्रावर अनेकांनी काम करण्यासाठी घडले. त्यामुळे कोण कोणता आणि कोणाचा अधिकार कोठवर, हा प्रश्न त्यात पायापासून आहे. प्रत्येक फाइलीस एक मालक असतो, एक गट असतो, आणि बाकीचे सर्व परके असतात. ह्या तिघांस वाचण्याचा, लिहिण्याचा व चालविण्याचा अधिकार स्वतंत्रपणे दिलेला किंवा नाकारलेला असतो. प्रतिलिपी विभागातील लिपिकाने निकाल वाचावा पण त्यात अक्षर बदलू नये, ही व्यवस्था लिनक्समध्ये ह्या नऊ खुणांनी होते. पहिल्या अटीतील ‘कायदेशीर ताबा’ ह्या शब्दाचा तांत्रिक अर्थ प्रथमतः हा आहे.

तथापि ह्या सर्व मर्यादा ज्यास लागू नाहीत असा एक वापरकर्ता प्रत्येक लिनक्स-यंत्रात असतो. त्यास ‘रूट’ म्हणतात. तो कोणतीही फाइल वाचू, बदलू किंवा पुसू शकतो. लहान कचेरीत रूटचा पासवर्ड तीन-चार जणांस ठाऊक असणे ही नेहमीची सोय असते आणि तेथेच पहिली अट मोडते; कारण बदल कोणी केला, हे मग कोणासच सांगता येत नाही. म्हणून रूटने थेट प्रवेश करू नये, प्रत्येकाने स्वतःच्या नावाने प्रवेश करून, अवश्य तेवढ्याच कामापुरता अधिकार ‘सुडो’ ह्या आज्ञेने घ्यावा, असा दंडक पडला. त्या प्रत्येक वापराची नोंद माणसाच्या नावासह राहते.

दुसरा भाग दरवाजांचा. दूरच्या यंत्रावर काम करण्यासाठी पूर्वी टेलनेट वापरीत, त्यात पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जाई. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन ह्यांनी १९९५ साली एसएसएच हे साधन तयार केले. त्यात सर्व संभाषण सांकेतिक रूपात जाते. जाळ्याच्या वेशीवर येणाऱ्या-जाणाऱ्या वाहतुकीची पारख करणारी फायरवॉल लिनक्सच्या कर्नलमध्येच असते. जानेवारी २००१ मधील २.४ ह्या आवृत्तीबरोबर आयपीटेबल्स आले व २०१४ साली त्याचे उत्तराधिकारी एनएफटेबल्स. दोहोंचा मूळ नियम जुन्या गावकुसाचा आहे : सर्व वेशी बंद ठेवाव्यात व ज्या वाटेचे काम आहे तेवढीच उघडावी.

तिसरा भाग नोंदवहीचा. कोणी केव्हा प्रवेश केला, कोणता यत्न फसला, कोणती सेवा बंद पडली, ह्याची नोंद यंत्र आपण होऊन लॉगमध्ये करीत असते. न्यायालयीन भाषेत सांगावयाचे तर लॉग हा यंत्राचा रोजनामा होय. परंतु रूटला तो रोजनामाही पुसता येतो. म्हणून लॉगची एक प्रत तत्काळ दुसऱ्या यंत्रावर पाठवावी आणि ते यंत्र दुसऱ्या माणसाच्या ताब्यात असावे, हा सुज्ञ कारभाऱ्याचा नियम आहे. लॉगमधील वेळ खरी असण्यासाठी जाळ्यातील सर्व घड्याळे एका प्रमाण घड्याळाशी जुळलेली असावी लागतात. सर्ट-इन ह्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशांत शासकीय संस्थांसह सर्वांस घड्याळे जुळविण्याचे, लॉग १८० दिवस राखण्याचे व घुसखोरीची वार्ता सहा तासांत कळविण्याचे बंधन घातले आहे. जालन्याचा सबंध वाद दुपारचे तीन वाजून गेले होते की नव्हते, ह्यावर होता, हे आठवले म्हणजे घड्याळाची बाब क्षुल्लक वाटणार नाही.

चौथा भाग यंत्र ‘नीट चालत होते’ ह्या अटीचा. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात मराठवाड्याने दीर्घ भारनियमन अनुभवले. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट लिहिलेली नोंद फाइलींची सर्व मांडणीच बिघडवू शकते. २००१ साली लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलेल्या ईएक्सटी३ ह्या फाइलपद्धतीत, मांडणीतील बदल करण्यापूर्वी तो एका कच्च्या वहीत टिपण्याची सोय झाली; वीज परत येताच यंत्र ती वही वाचून मांडणी सुसंगत करते. पेढीवरील मुनीम रोजमेळावरून खतावणी करतो, त्याच जातीची ही युक्ती. तथापि चकतीच बिघडली तर कच्ची वहीही जाते; म्हणून प्रती एकाहून अधिक, त्यांतील एक तरी दुसऱ्या इमारतीत, आणि ठराविक काळाने त्या प्रतीवरून नोंदी खरोखर परत उभ्या करून पाहणे, एवढे करावेच लागते. कधीच उघडून न पाहिलेली प्रत ही असून नसल्यासारखी होय.

शेवटचा भाग दुरुस्तीचा. लिनक्स सुरक्षित आहे म्हणून त्याकडे पाहावे लागत नाही, हा समज कचेऱ्यांत आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. ‘डर्टी काऊ’ नावाचा कर्नलमधील दोष २००७ पासून होता व ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आला. सामान्य वापरकर्त्यास त्यामुळे रूटचा अधिकार मिळविता येत असे. कचेरीतील यंत्रांत फाइली वाटून घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सांबा ह्या साधनातील गंभीर दोष २०१० पासूनचा होता व तो मे २०१७ मध्ये उघड झाला. ज्याने दुरुस्तीचे अद्ययावत संच वेळच्या वेळी बसविले त्याचे रक्षण झाले. दुरुस्ती केव्हा बसविली, हीदेखील एक नोंदच आहे.

५

वरील व्यवस्थांचे तत्त्व महाराष्ट्राच्या दप्तरास अपरिचित नाही. मराठेशाहीतील राजपत्राच्या शेवटी मोर्तब उमटे. त्याचा हेतू लेखनाची सीमा बांधून देणे हा होता, म्हणजे मोर्तबानंतर कोणी ओळ वाढविल्यास ती परकी ठरावी. लांब कागद एकमेकांस जोडून लिहिलेला असेल तर सांध्यावर शिक्का मारीत, म्हणजे मधला बंद बदलता येऊ नये. पत्रावर निरनिराळ्या अधिकाऱ्यांचे रुजू झाल्याचे व बार झाल्याचे शेरे असत. पत्र लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, वहीत चढविणारा तिसरा. एकाने खोटेपणा करावयाचा म्हटले तर इतरांच्या वह्या त्याच्याविरुद्ध साक्ष देत.

आजच्या संगणकीय व्यवहारात मोर्तबाचे काम ‘हॅश’ करते. कोणतीही फाइल एका ठराविक गणिती क्रियेतून नेली असता निश्चित लांबीची एक खूण निघते. शा-२५६ ह्या पद्धतीत ती चौसष्ट अंकाक्षरांची असते. मूळ फाइलीत एका स्वल्पविरामाचा फरक पडला तरी खूण सर्वस्वी बदलते. ही खूण नोंद तयार होताच काढून निराळ्या वहीत ठेवली असेल, तर वीस वर्षांनीही नोंद बदलली की नाही हे सांगता येते. हे काम लिनक्सवर एका ओळीच्या आज्ञेने होते.

परंतु साम्य येथेच संपते. जुन्या दप्तराने अधिकार अनेकांत विभागला होता. युनिक्सच्या रचनेने तो रूटच्या ठिकाणी एकवटला. लहान जाळ्याच्या सुरक्षिततेचा जो इतिहास वर सांगितला, तो पुष्कळ अंशी हा एकवटलेला अधिकार पुन्हा विभागण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

६

हा प्रश्न न्यायालयांस परका नाही. कारण न्यायालये स्वतःच लिनक्स वापरतात. सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती २००४ च्या अखेरीस स्थापन झाली; जिल्हा व तालुका न्यायालयांचे संगणकीकरण करणारा ई-न्यायालये प्रकल्प २००७ पासून सुरू झाला. दुसरा टप्पा २०१५ पासून चालला व तिसऱ्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ह्या प्रकल्पाने मुक्त स्रोत साधनांचे धोरण स्वीकारले. न्यायिक अधिकाऱ्यांच्या संगणकांसाठी उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती घेण्यात आली, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेत तयार झाली. जालना, अंबड, भोकरदन, परतूर येथील न्यायालयांतील दाव्यांची स्थिती आज कोणीही नागरिक घरबसल्या पाहू शकतो, ती ह्याच व्यवस्थेमुळे.

शासनाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार चौदा हजारांहून अधिक न्यायिक अधिकाऱ्यांस उबुंटूचे शिक्षण देण्यात आले, आणि न्यायालयांतील सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांस सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून तयार करण्यात आले. हा दुसरा आकडा इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. बाहेरून आणलेल्या तंत्रज्ञांवर सर्व भार न टाकता, ज्या मनुष्यास दावा, दरखास्त, रोजनामा व नक्कल ह्यांचा अर्थ ठाऊक आहे त्यासच जाळ्याचा कारभार शिकविण्याचा हा यत्न होता. आमच्या मते तो योग्य दिशेचा होता. कारण कलम ६५-ब च्या दुसऱ्या अटीत जी ‘नेहमीच्या कामकाजा’ची गोष्ट आहे, ती न्यायालयाच्या लिपिकासच खरेपणाने सांगता येते. मात्र त्यातील अडचणही उघड आहे. शिरस्तेदार, नाझर व अभिलेखपाल ह्यांच्यात जुन्या न्यायालयाने जी जबाबदारी वाटली होती, ती तांत्रिक अंगाने एकाच कर्मचाऱ्याच्या शिरावर येते. तो बदलून गेला की त्याच्याबरोबर पासवर्ड, प्रतींची जागा व यंत्राच्या दुखण्यांचा पूर्वेतिहास हेही जाते. कागदाचा कार्यभार यादीनिशी दिला-घेतला जातो. जाळ्याचा कार्यभारही तसाच लेखी यादीने हस्तांतरित झाला पाहिजे.

दुसरी अडचण काळाची आहे. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीस सामान्यतः पाच वर्षे दुरुस्तीचा पुरवठा मिळतो. एप्रिल २०१४ मध्ये निघालेल्या आवृत्तीचा हा पुरवठा एप्रिल २०१९ मध्ये संपला. वाटणीचा दावा ह्याहून किती तरी अधिक चालतो, हे सांगावयास नको. म्हणजे एका दाव्याच्या हयातीत कार्यप्रणालीच्या दोन-तीन पिढ्या होतात, आणि प्रत्येक स्थलांतरात नोंद जशीच्या तशी पुढे गेली, हे सांगणारा कोणीतरी लागतो. कोणता कागद किती वर्षे ठेवावा व केव्हा नष्ट करावा, ह्याविषयी १९१७ पासून स्वतंत्र अधिनियम आहे. परंतु कागद कपाटात पडून राहिला तरी टिकतो, इलेक्ट्रॉनिक नोंद पडून राहिली तर नष्ट होते.

७

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. संगणक सामान्यतः बरोबरच चालतात, मग प्रत्येक नोंदीस प्रमाणपत्राची कटकट कशाला, असा तो आक्षेप आहे. इंग्लंडने हाच विचार करून आपले दिवाणी कलम १९९५ साली काढले, आणि फौजदारी खटल्यांतील तत्सम तरतूदही १९९९ च्या कायद्याने रद्द केली. त्यानंतर संगणक बरोबर होता असेच तेथे गृहीत धरले जाऊ लागले. त्याच काळात तेथील टपाल खात्याने होरायझन ही हिशेबाची प्रणाली शाखांत बसविली. प्रणालीने दाखविलेल्या तुटीवरून पुढील दीड दशकात सुमारे नऊशे शाखाचालक दोषी ठरविले गेले. कित्येकांस तुरुंगवास घडला. दूरवरचा तंत्रज्ञ शाखेच्या हिशेबात शाखाचालकास नकळत बदल करू शकत होता, हे बराच काळ नाकारले गेले आणि डिसेंबर २०१९ च्या निकालाने सिद्ध झाले. २०२४ साली पार्लमेंटला ह्या शिक्षा कायद्यानेच रद्द कराव्या लागल्या.

हा प्रसंग जालना खटल्याच्या शेजारी ठेवून वाचावा. इंग्लंडमध्ये यंत्राच्या बाजूने साक्ष मागितली गेली नाही, म्हणून निरपराध माणसे दंडिली गेली. जालन्यात साक्ष मागितली, परंतु ज्यांच्या ताब्यात यंत्र होते त्यांनी ती दिली नाही. अर्जदारांच्या हाती मागणी करीत राहण्याखेरीज काही उरले नाही. दोन्ही ठिकाणी दुर्बळ पक्ष तोच : ज्याचे हित नोंदीवर अवलंबून आहे, पण जाळे ज्याच्या ताब्यात नाही. प्रमाणपत्र हे ह्या पक्षाचे रक्षण आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यास कटकट म्हणवत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर नोव्हेंबर २०२२ मध्ये घुसखोरांनी बंद पाडले, तेव्हा तेथील कामकाज काही दिवस कागदावर चालवावे लागले. त्या वेळीही नोंदीवाचून अडलेला मनुष्य रुग्णच होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला, आणि कलम ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. त्यात संगणक-जाळ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिला असून त्यात हॅशची खूण व ती काढण्याची पद्धत लिहावी लागते. शिवाय सह्या दोन लागतात : एक यंत्राचा किंवा संबंधित कामाचा ताबा असणाऱ्याची, दुसरी तज्ज्ञाची. लिहिणारा एक व तपासणारा दुसरा, ही जुन्या दप्तराची रीत अशा रूपाने परत आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

८

सारांश, लहान लिनक्स-जाळ्याच्या बंदोबस्ताचा विचार यंत्रांपुरता करून भागत नाही. प्रत्येकास स्वतःचे नाव व तेवढाच अधिकार, रूटचा वापर नोंदीनिशी, वेशी बंद, घड्याळे जुळलेली, लॉग दुसऱ्याच्या ताब्यात, प्रती दुसऱ्या इमारतीत व तपासलेल्या, दुरुस्त्या वेळेवर, कार्यभार यादीने. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट फार पैशांची नाही, व लिनक्समध्ये तिचे साधन नाही असेही नाही. परंतु त्या एकत्र असतील तरच प्रमाणपत्रावरील सही खरी ठरते, आणि एक जरी नसेल तरी सही करणारा जे आपणास ठाऊक नाही ते लिहून देत असतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास ह्यातून एक कर्तव्य प्राप्त होते. निजामी अमदानीतील मराठवाड्याचे दप्तर वाचण्यासाठी आपण उर्दू व मोडी शिकतो, शिक्के व शेरे पारखण्यास शिकतो. आज जालन्याच्या न्यायालयांत, तहसिलींत व महाविद्यालयांत जी नोंद तयार होत आहे, तिची पारख करणाऱ्या पुढील संशोधकास हॅश, लॉग व फाइलींचे अधिकार वाचता आले पाहिजेत. त्याहून निकडीची गोष्ट अशी की, ही साधने मागाहून निर्माण करता येत नाहीत. काढून न ठेवलेली हॅश व पुसून गेलेला लॉग कोणत्याही अभिलेखागारात सापडणार नाही. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी जिल्ह्यातील कचेऱ्यांच्या कागदांची जशी पाहणी केली, तशी त्यांच्या संगणकीय नोंदींच्या ताब्याची व कारभाराची पाहणी आजच हाती घ्यावी, आणि अशा पाहणीचा आरंभ जालना जिल्ह्यापासून व्हावा. ज्या प्रमाणपत्राचा नियम तेथील खटल्याने साऱ्या देशास घालून दिला, ते देऊ शकणारे जाळे त्याच जिल्ह्यातील कचेऱ्यांत किती आहेत, हा ह्या पाहणीचा पहिला प्रश्न असावा.